चार बोटं माया

आत्याने पहिल्या दिवशी माझ्या हातात सुई दिलीच नाही. तिने आपलं एक जुनं पोलकं दिलं आणि दाढीचं अर्धं ब्लेड दिलं. बोट कापू नये म्हणून ब्लेडची एक बाजू चिंधीने गुंडाळलेली होती. म्हणाली, "हे सगळं उसव. शिवणीचा दोरा तेवढा तुटला पाहिजे, कापडाचा एकही धागा तुटता कामा नये."

मी दहा वर्षांची होते. मे महिन्याची सुट्टी, मिरजेचं घर, माजघरात खिडकीपाशी ठेवलेलं काळं पायमशीन. मला त्या मशीनचं चाक फिरवायचं होतं, पायडलवर पाय ठेवायचा होता. त्याऐवजी तीन दुपारी मी एकेक टाका सोडवत बसले. दोन कापडं हलकेच फाकवायची, मधे ताणलेला दोरा दिसला की तोडायचा, पुढे सरकायचं. घाई केली की कापड टरकायचं, आणि तो बारीकसा आवाज आत्याला स्वयंपाकघरात बरोबर ऐकू जायचा.

तिसऱ्या दिवशी सगळे तुकडे सतरंजीवर मांडले. पुढचे दोन भाग, पाठ, बाह्या, हुकपट्टी, काजपट्टी, कमरेची पट्टी, गळ्याची उरेब पट्टी. अंगात गोल दिसणारं पोलकं जमिनीवर अगदी सपाट होतं. बाही म्हणजे सरळ नळी नव्हे. तिच्या वरच्या कडेला टेकडीसारखा उंचवटा असतो आणि तो मुंढ्याच्या खोलगट वळणात बसवलेला असतो, म्हणून तर हात वर उचलता येतो. टक्स सोडले आणि छातीची गोलाई नाहीशी झाली. सपाट कापडातून माणसाचा आकार कसा उभा राहतो हे मला कुणी फळ्यावर काढून दाखवलं असतं तर कळलं नसतं. उसवलं म्हणून कळलं.

आणखी एक गोष्ट दिसली. बाहेरचं पोलकं उन्हाने आणि साबणाने फिकट होऊन गेलं होतं. शिवणीच्या आत दडलेली बोटभर पट्टी मात्र दुकानातून आणली त्या दिवशी होती तशीच मोरपंखी होती.

"आत्या, हे काय गं?"

"ती माया," आत्या म्हणाली, आणि भाजी निवडायला निघून गेली.

शिवणीच्या पलीकडे जे जास्तीचं कापड आत ठेवतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. शिंपी म्हणतो, घरी शिवणारी बाई म्हणते. "बाजूला इंचभर माया ठेवलीय, पुढं सैल करून घ्या." लग्न ठरलेल्या मुलीचं पोलकं असलं तर माया थोडी जास्त. वाढत्या अंगाच्या मुलीच्या परकराला खाली चार बोटं दुमड. दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आत्या माझ्या परकराची दुमड एक बोट सोडायची. सोडलेल्या जागी कापडाचा मूळ रंग उघडा पडायचा आणि घेराभोवती एक गडद पट्टा दिसायचा. माझ्या एका परकराला असे तीन पट्टे होते, तीन जूनचे. परभाषेत या पट्टीला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तो हिशेबाचा शब्द आहे, किती सेंटीमीटर ते सांगणारा. आपल्या कुणा जुन्या शिवणाऱ्याने मात्र आतल्या कापडाला माया म्हटलं. जे बाहेरून दिसत नाही, आज कामाला येत नाही आणि माणूस वाढला, बदलला की सोडता येतं, त्याला दुसरा कुठला शब्द शोभला असता?

आत्या विसाव्या वर्षी माहेरी आली ती कायमची. त्याचं कारण घरात कुणी बोलत नसे. तिने शिवणाचा क्लास केला, सेकंडहँड मशीन घेतलं, आणि पुढची चाळीस वर्षं आळीतली निम्मी पोलकी तिच्या हातची होती. घरात कुणापुढे हात पसरावा लागला नाही, हे ती फार शांतपणे सांगायची. तिच्यासारख्या बायकांसाठी ही वाट आधीच्या पिढ्यांनी पाडून ठेवली होती. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं तेव्हा तिथे शिकवायच्या गोष्टींत शिवणकाम होतं. घरात अडकलेल्या, नवरा गेलेल्या बाईला स्वतःच्या कमाईचे चार पैसे मिळावेत, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात शिवण शिकवण्याचा इतिहास हा कपड्यांच्या फॅशनचा इतिहास नाही. तो बायकांच्या पायावर उभं राहण्याचा इतिहास आहे, आणि तो तसाच सांगितला पाहिजे.

यंत्रांच्या मोहाबद्दल सावध करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद केलं होतं. बायको हातांनी शिवताना दमते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र बनवलं, असं त्यांनी म्हटलं. सिंगरची खरी गोष्ट तशी नव्हती, तो धंद्याचा माणूस होता. पण मिरजेच्या त्या माजघरात बसून पाहिलं तर गांधीजींचा अपवाद मला पटतो. त्या यंत्राने आत्याचे हात हिरावून घेतले नाहीत, तिच्या हातांना काम दिलं.

सुई हातात आली ती चौथ्या दिवशी. आधी धावदोरा, मग उलटी टीप, मग हातशिलाई, मग काज. दोरा हाताच्या लांबीएवढाच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. दोऱ्याला मेण लावायचं. तिन्हीसांजेला शिवायचं नाही. अंगावर शिवायचं नाही, आणि वेळच आली तर दातांत काडी धरायची. काडीचं कारण मी कधी विचारलं नाही. तिन्हीसांजेचं कारण मात्र डोळ्यांना कळतं.

आजीच्या ट्रंकेत एक लुगडं होतं, त्याला मधोमध आडवी शिवण होती. मला वाटलं ते फाटून जोडलेलं असेल. आत्याने सांगितलं, त्याला दंड म्हणतात. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, पण ते सगळीकडे सारखं झिजत नाही. बसण्याच्या जागी आणि कासोट्याच्या ओढीपाशी आधी विरतं. काठ, पदर आणि टोकाकडचा भाग धड राहतो. मग विरलेला पट्टा आडवा कापून काढायचा आणि दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे. जोडताना दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घ्यायच्या, म्हणजे धागे सुटत नाहीत आणि अंगाला टोचत नाही. काठाला काठ तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर नेसल्यावर सगळ्यांना दिसतं. आजीचा संसार कंट्रोलच्या काळातला. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. त्या दिवसांत दंडाचं लुगडं नेसणं ही लाजेची गोष्ट नव्हती, घरोघर तेच होतं. दंड किती सुबक घातलाय यावरून बाईचा हात ओळखत.

दंडानंतरही लुगडं संपत नसे. आणखी विरलं की त्याची बाळाची दुपटी आणि झबली व्हायची. नव्या कापडात खळ असते, ते बाळाच्या अंगाला खरखरीत लागतं. शंभर वेळा धुतलेलं लुगडं सायीसारखं मऊ असतं. त्यातून उरलं ते गोधडीच्या पोटात जायचं. गोधडी म्हणजे नुसता धावदोरा. एकाशेजारी एक ओळ, ओळीला ओळ लागून, हजारो टाके. जी कापडं एकेकटी उभी राहू शकत नाहीत ती थर करून टाक्यांनी बांधली की अंगावर ऊब धरतात. आणि अगदी शेवटी राहिलेला तुकडा पोतेरं व्हायचा. आमच्या घरी कापड फेकलं जाताना मी लहानपणी पाहिलेलं नाही.

माझ्या हातून झालेली एक मोठी चूक सांगते, कारण तिच्यातून मी जे शिकले ते आजही शिकवते. मी तेरा वर्षांची असताना धाकट्या भावाची शाळेची चड्डी मागच्या बाजूला विरून फाटली. आत्या बाहेर गेली होती. मी पेटीतून कोरं, जाड, मजबूत कापड काढलं, भोकाएवढा चौकोन कापला आणि मशीनवर बारीक टिपा मारून चारी बाजूंनी पक्का बसवला. फार अभिमान वाटला. दोन धुण्यांत कोरं कापड आटलं आणि त्याने चारी बाजूंचं जुनं, दुबळं कापड ओढून फाडलं. आता भोक पहिल्याच्या दुप्पट झालं होतं आणि ते भावाला वर्गात कळलं. तो रडत घरी आला.

आत्या रागावली नाही. तिने ठिगळ उसवायला लावलं आणि मला जवळ बसवलं. "जुन्याला जुनंच जोडावं," म्हणाली. "आणि ठिगळ भोकाएवढं कापायचं नसतं. भोकाभोवती बोटं फिरव, कापड कुठवर पातळ झालंय ते बघ. जिथे धड कापड लागेल तिथवर ठिगळ न्यायचं." तिने चड्डी खिडकीसमोर धरली. भोकाभोवती चांगलं वीतभर कापड उजेडात जाळीसारखं दिसत होतं. मला ते दिसलंच नव्हतं, मला फक्त भोक दिसलं होतं. मग एका जुन्या चड्डीचा धुऊन मऊ झालेला तुकडा घेतला, त्याचे कोपरे गोल कापले (टोकदार कोपऱ्यावर सगळी ओढ येते आणि तो आधी उचकटतो), उभा धागा उभ्या धाग्याला लावला आणि आधी कच्च्या दोऱ्याने टाचला. ती चड्डी भावाला आखूड होईपर्यंत टिकली.

आज मी साठीच्या पुढे आहे. दर रविवारी दुपारी चार वाजता माझ्या घरी आमच्या वसाहतीतली सात-आठ मुलं आणि काही मोठी माणसं शिवायला बसतात. फी नाही. एकच अट, फाटका कपडा धुऊन आणायचा. घामाने आणि धुळीने आखडलेल्या कापडावर टाका सरळ बसत नाही, आणि धुतल्याशिवाय कापड कुठवर विरलंय ते नीट कळतही नाही.

सुरुवात मी तांदळाच्या पोत्याने करते. पोत्याच्या तोंडाची शिवण असते ना, बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सरसर सुटत जाते. मुलांना ते फार आवडतं. ती साखळीची टीप असते, प्रत्येक फास पुढच्या फासात अडकवलेला, म्हणून एक सुटला की सगळे सुटतात. मग मशीनची टीप दाखवते. तिथे वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघांची गाठ कापडाच्या पोटात पडते. एका जागी तुटली तरी पुढची धरून ठेवते. शेवटी हाताची उलटी टीप, जिथे सुई प्रत्येक टाक्याला मागे जाऊन मगच पुढे येते. हे तीन प्रकार बोटांनी ओढून पाहिले की कुठला कपडा कुठे उसवणार हे मुलं स्वतःच सांगू लागतात. आणि हो, पहिले दोन रविवार सुई नाही. उसवायचं. फक्त ब्लेडऐवजी मी बोथट टोकाची छोटी कात्री देते.

गेल्या वर्षी माझा भाचा इंजिनिअरिंगला निघाला, हॉस्टेलवर. ज्या भावाच्या चड्डीला मी ठिगळ लावलं होतं त्याचा हा मुलगा. जायच्या आदल्या दिवशी आला. "आत्या, बाबा म्हणाले तुझ्याकडून बटण लावायला शिकून ये." शर्ट त्याच्या हातात होता. बटण त्याने नुसतं घट्ट खेचून शिवलं होतं. बटणाखाली कापड गोळा झालं होतं आणि काज लावायला गेलं की तिथे ताण बसून बारीक भोक पडायला लागलं होतं.

मी त्याला सगळं काढायला लावलं. दोरा दुहेरी घेतला, मेणबत्तीवरून फिरवला. गाठ आत, बटणाच्या खाली लपेल अशी. चार भोकांचं बटण जागेवर ठेवलं आणि त्याच्यावर एक आगकाडी आडवी ठेवली. "आता काडीवरून टाके घे. दोन भोकांतून तीनदा, उरलेल्या दोन भोकांतून तीनदा." त्याचे हात मोठे, सुई लहान. दोनदा बोटाला टोचली. टाके झाल्यावर काडी ओढून काढली, बटण वर उचललं. खाली दोऱ्याचा मोकळा पूल राहिला. त्या पुलाभोवती दोरा पाच-सहा वेळा घट्ट गुंडाळला आणि मागे दोन बारीक टाके घेऊन तोडला. बटणाला देठ आला. आता काजाची पट्टी त्या देठाभोवती नीट बसत होती, कापड ओढलं जात नव्हतं. तो ते बटण पुन्हा पुन्हा लावून काढून बघत होता. बारावीला गणितात पंचाण्णव मिळवलेल्या मुलाच्या तोंडावरचा तो आनंद मी निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मला मनापासून वाटतं की सातवी झालेल्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, बटण लावणं, दुमड घालणं, उसवलेली शिवण जोडणं आणि एक ठिगळ लावणं यायलाच हवं. आमच्या शाळेत मुली शिवणाला जायच्या आणि मुलगे सुतारकामाला. दोन्ही बाजूंचं नुकसान झालं. वर्ध्याला १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला होता. पुढे आपल्या शाळांत कार्यानुभवाचा तास आला, आणि तो गणिताच्या जादा तासाला देऊन टाकलेला मी कितीदा पाहिला आहे. तो तास परत द्या, एवढंच मागणं आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पंचवीस सुया आणि दोऱ्याची चार रिळं पुरतात.

कुणी म्हणतं, सगळे घरी शिवू लागले तर शिंप्याने काय करायचं? माझा अनुभव उलटा आहे. ज्याने एक काज हाताने केलं, म्हणजे भोक कापून त्याच्या कडेने एकेक टाका एकसारख्या उंचीचा, एकमेकांना चिकटून घेतला आणि त्यात अर्धा तास घालवला, तो पुन्हा शिंप्याशी पाच रुपयांची घासाघीस करत नाही. आमच्या नाक्यावर अल्टरचं काम करणारे काका बसतात. माझ्याकडे येणारी मुलं आता त्यांच्याकडे अवघड काम घेऊन जातात, चेन बसवायला, कॉलर उलटवायला, आणि शेजारी उभं राहून त्यांचे हात बघतात. संत नामदेव शिंप्याच्या घरातले. गज, कात्री, सुई आणि दोरा त्यांच्या एका पदात आहेत, आणि ते पद आज गुरू ग्रंथसाहिबात आहे. या कामाचा मान फार जुना आहे.

आता तयार कपड्यांबद्दल. मुलं जे आणतात ते बहुतेक तयार कपडेच असतात. मी शिवण उलटून दाखवते. आत ओव्हरलॉकची टीप आणि तिच्या आत जेमतेम पाव इंच कापड, कधी तेही नाही. कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात. प्रत्येक कपड्यामागे बोटभर कापड वाचलं की हजारो कपड्यांत गठ्ठेच्या गठ्ठे वाचतात, म्हणून तिथे माया परवडत नाही. तो कपडा एका मापाच्या माणसासाठी बनलेला असतो. माणूस दोन किलोंनी बदलला की कपडा गेला. आणि रफू करायची वेळ आली की खरी अडचण कळते. चांगला रफूगार रफूचा दोरा बाजारातून आणत नाही. तो त्याच कपड्याच्या मायेतून एकेक धागा ओढून काढतो, आडवे-उभे धागे मूळ विणीसारखे भरतो, म्हणून तर रफू दिसत नाही. भोक भरायला लागणारा धागा आधीच आत ठेवलेला असावा लागतो.

गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांचे, ठिगळांचे कपडे अंगावर घेऊन गावोगाव झाडत फिरले आणि माणसं त्यांच्यापुढे वाकली. ठिगळाची लाज आपल्याला त्यानंतर कधीतरी लागली. माझ्या रविवारच्या वर्गात आठवीतली एक मुलगी आहे. तिने जीन्सच्या गुडघ्याला आजीच्या इरकली खणाचा तुकडा लावला, मुद्दाम दिसेल असा, आणि शाळेच्या सहलीला तीच जीन्स घालून गेली. कोपरे गोल कापले होते. मी आधी तेच पाहिलं.

आत्या गेली त्याला अकरा वर्षं झाली. तिचं मशीन माझ्याकडे आहे, पट्टा दोनदा बदलला, बाकी सगळं मूळचं आहे. तिने मला शिवलेलं शेवटचं पोलकं मी मागच्या महिन्यात बाजूंनी सैल केलं. आत दीड इंच माया होती.

तुम्ही जवळपास राहत असाल तर रविवारी चारला या. सुई-दोरा माझ्याकडे आहे. फाटका कपडा तेवढा धुऊन आणा.